गाऱ्हाणं घालणाऱ्याचं घर

ये रे, बस. भिंतीला पाठ लाव, तिथे वारा येतो. तुझ्या एस्टीला अजून अवकाश आहे, आणि ती कधी वेळेवर आलेली आम्ही तरी बघितली नाही. मघाशी तू विचारलंस ना, त्या पलीकडच्या घरातला म्हातारा नारळी पुनवेला देवाशी भांडतो म्हणतात, ते खरं काय? खरं आहे. त्याचीच गोष्ट सांगतो तुला. पण ऐकायची तर सबंध ऐक. अर्ध्यावर उठलास तर गावभर उलटंच सांगत सुटशील.

त्याचं नाव रामचंद्र. आमच्या वाडीतला तांडेल, म्हणजे होडीवर ज्याचा शब्द चालतो तो. अंगाने काळा, हाडाने रुंद, आणि बोलायला एकदम कमी. घरात विचारलं तर हूं, बाहेर विचारलं तर हूं. पण एक जागा अशी होती की तिथे उभा राहिला की तेच्या तोंडातून शब्द कसे भरतीसारखे यायचे. ती जागा म्हणजे आमच्या महापुरुषाची घुमटी. खाडीच्या तोंडाशी वडाखाली आहे बघ, तू येताना ओलांडून आलास. एवढीशी घुमटी, आत दगड. तोच आमच्या वाडीचा देव.

आता आमच्याकडे देवाला नुसते हात जोडून चालत नाही. तेला सगळं तोंडाने सांगावं लागतं. तेला आम्ही गाऱ्हाणं घालणं म्हणतो. एकाने पुढे उभं राहून बोलायचं, "बा देवा म्हाराजा, अमुक कर, तमुकाला सांभाळ," आणि तो थांबला की मागच्या सगळ्यांनी एका आवाजात म्हणायचं, "व्हय म्हाराजा." मागून हो आलं नाही तर ते बोलणं देवाकडे पोचतच नाही. नुसतं वाऱ्यावर गेलं समज.

नारळी पुनवेला होड्या परत दर्यात लोटायच्या आधी आमच्यात मोठं गाऱ्हाणं असतं. ते रामचंद्र घालायचा. तेच्या आधी तेचा बाप घालायचा. बापासारखाच रामचंद्र प्रत्येक होडीचं नाव घ्यायचा, प्रत्येक घराचं घ्यायचा. कोणाची सून बाळंतपणाला आलीय, कोणाचा मुलगा मुंबैला गेला तो कागद पाठवत नाही, कोणाच्या म्हातारीला डोळ्याने दिसत नाही, सगळं तेच्या ध्यानात. ऐकताना माणसाला वाटायचं, चला, आपलं देवाच्या कानावर गेलं. आता गेलं तर गेलं.

फक्त एक घर तेच्या गाऱ्हाण्यात कधी यायचं नाही. तेचं स्वतःचं.

तो तेच्या बापाचा दंडक. बापाने मरताना सांगितलं होतं म्हणे, "रामा, बोलणारो म्हणजे वकील. वकिलान लोकांचा बोलाचा, आपली केस चालवची नाय. आपल्या घराचा मागलंस तर लोकांचा बोलणा फुकट गेला समज." रामचंद्राने ते गाठीला बांधलं. आणि आम्हा वाडीतल्या शहाण्यांना कधी सुचलं नाही, की बाबा, जो सगळ्यांचं बोलतो तेचं कोण बोलणार. ज्याच्या हातात पळी तो उपाशी, तशातली गत.

तेची बायको आनंदी. ती आचऱ्याच्या बाजारात मासे विकायची. डोक्यावर पाटी, कमरेला खोचलेली पिशवी, आणि जीभ कोयत्यासारखी. गिऱ्हाईकाने बांगड्याचे कल्ले उचलून बघितले की म्हणायची, "नीट बघ गो बाय, तोच हा, काल तुझ्या घराकडे पोवत गेलेलो." बाई हसायची आणि घ्यायची. नवऱ्यालाही सोडायची नाही. "सगळ्या वाडीचा देवाक सांगूक तुका तोंड आसा," म्हणायची, "आणि माका, चाय घितलंस काय गो, म्हणान इचारूक तोंड नाय." रामचंद्र हूं करायचा. तेवढंच. पण ती बाजारातून यायच्या वेळी तो जाळं घेऊन बाहेरच्या पायरीवर बसलेला असायचा, कामाचं निमित्त करून. ते सगळ्यांना माहीत होतं, तिलाही.

तर ती आजारी पडली. पहिल्यांदा नुसती दमायची. पाटी उचलताना बसायची. मग पोट फुगलं, अंग वाळलं. कुडाळला दाखवलं, मग गोव्याच्या मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टर भला माणूस, तेने काही लपवलं नाही. पोटात गाठ होती आणि ती फार पसरली होती. घरी घेऊन जा, म्हणाला.

त्या दिवसांत रामचंद्र रोज घुमटीवर जायचा. हात जोडून उभा राहायचा. लोकांनी बघितलंय. ओठ हलायचे नाहीत. दुसरा कोणी असता तर दगडावर डोकं आपटून म्हणाला असता, वाचव. पण तेच्या मनात बापाचा दंडक. आणि वर एक भाबडा हिशोब, की ज्याच्याशी जन्मभर बोललो तेला माझ्या घरात काय चाललंय ते सांगायला लागतंय थोडंच. कोणाला म्हटलंही नाही, बाबांनो, माझ्या वतीने तुम्ही बोला. आणि आम्हीही बोललो नाही. आम्हाला वाटलं, तो घालतच असेल.

शिमगा संपला आणि आनंदी गेली.

रडला नाही तो. सगळं रीतीने केलं. लेक फोंडाघाटला दिलेली, योगिनी, ती येऊन राहिली आणि तेरावं झाल्यावर परत गेली. "बाबा, माझ्याकडे चला," म्हणाली. तो म्हणाला, "थंय दर्यो आसा?"

मग एक गोष्ट लोकांच्या नजरेला आली. किनाऱ्याकडे जाताना रामचंद्र घुमटीच्या वाटेने जाईना. माडांच्या पलीकडून, गुडघाभर वाळूतून, लांबचा वळसा घालून जायचा. जसा एखादा माणूस भांडण झालेल्या भावाच्या दारावरून जात नाही तसा.

घरात आनंदीची पाटी खुंटीला टांगलेली होती. लेकीने जाताना ती धुवून ठेवू काय विचारलं, तर असा ओरडला की पोरगी घाबरली. कशाला ओरडला ते तेलाच ठाऊक. पण तेच्याच होडीवरचा महादू एकदा विडी मागायला अचानक घरात शिरला, तेव्हा तेने बघितलं, रामचंद्र ती पाटी तोंडाजवळ धरून बसला होता. मासळीचा वास, रे. ज्या वासापायी ती घरी आली की तो म्हणायचा, "आधी बावीवर जावन आंग धू." पावसाळा लागला तसा तो वासही कमी होत गेला.

पहिल्या वर्षी नारळी पुनवेला तेला कोणी काही विचारलं नाही. घरात मयत झालेलं, वर्षभर सणवार नाही, ही रीतच आहे. गाऱ्हाणं घातलं तेच्या पुतण्याने, बाबूने. पोरगा होडीवर वाघ, पण चार माणसांपुढे उभा केला की शब्द उलटेपालटे होतात. बोलता बोलता म्हणाला, "महादूच्या बापाशीक उदंड आयुष्य दी रे म्हाराजा." आम्ही सगळे सवयीने, "व्हय म्हाराजा." आणि मग महादू मागून म्हणाला, "आरे, तेका जावन धा वर्सा झाली, परत धाडतंस की काय." देवापुढे हसायचं नाही म्हणून आम्ही धोतरात तोंड घालून हसलो.

दुसऱ्या वर्षी तसं निमित्त उरलं नाही. वर्षश्राद्ध झालं होतं. श्रावण लागला तसा बाबू रामचंद्राकडे गेला. रामचंद्र पायरीवर जाळं शिवत होता.

"काका, पुनव इली."

"हूं."

"ह्या वर्सा तुमी बोलाक व्हया."

रामचंद्राने दोऱ्याला गाठ मारली, दाताने तोडला. "माका बोलूचा नाय."

"लोकां माका हसतत, काका. होडये लोटूचे आसत. नीट गाऱ्हाणां झाल्याशिवाय महादू होडयेत पाय घालूचो नाय म्हणता."

"महादूक सांग, दर्याक गाऱ्हाणां कळणा नाय. तेका वारो कळता."

ज्याच्या तोंडून लहानपणापासून देवाचं नाव ऐकलं तोच असं बोलल्यावर पोराने काय करावं. तो उठला आणि सरळ सावित्रीकडे गेला.

सावित्री म्हणजे रामचंद्राच्या मोठ्या चुलतभावाची बायको. विधवा बाई, त्याच्याहून वयाने मोठी, आणि आनंदीची बाजारातली जोडीदारीण. दोघींच्या पाट्या एकमेकींना लागून असायच्या. ती संध्याकाळच्या आत वाटीत अळवाची भाजी घेऊन हजर झाली.

"खा. आणि बाबूक कित्याक परत धाडलंस ता सांग."

"वयनी, तू ह्यात पडा नको."

"मी पडतलंय. माका कोण इचारता पडू काय म्हणान."

मग रामचंद्र बोलला. वर्षभरात तो एवढं बोलला नव्हता. जाळं बाजूला ठेवलंन आणि म्हणाला, "वयनी, माका रात दिस एकच गजाल खाता. देव आसलो तर मी गुन्हेगार. सगळ्यांसाठी मागलंय आणि तिच्यासाठी तोंड उघडूक नाय. आणि देव नसलो तर मी पिसो. जन्मभर एका दगडाफुडे उभो रवान बोंबाललंय. ह्या दोनातला खयचा खरा, सांग. जा खरा आसात ता, माझा तोंड उघडणा नाय."

सावित्री खांबाला टेकून बसली. बाजारातली बाई, पण गप्प कधी बसायचं ते तिला कळायचं. मग म्हणाली, "तुका एक ठावक आसा काय? तू गाऱ्हाणां घालीत असतानां आमी बायलो मागे असू. आनंदी माझ्या कुशीक. सगळी व्हय म्हाराजा म्हणत, आणि ती खाली मान घालून आपला येगळाच काय तरी पुटपुटा. दर वर्सा. एकदा मी तिका इचारलंय, काय म्हणतस गो? तर म्हणता, ह्यो जो तुझ्याफुडे उभो रवान बडबडता, तेका सांभाळ. बायलेन घोवाचा नाव कसा घेवचा."

रामचंद्राचे हात मांडीवर तसेच राहिले.

"माका कधी ऐकाक येवक नाय," तो म्हणाला.

"कसा येतला. तू फुडे, ती मागे, मधी आमचो गोंगाट."

"आणि तिच्यासाठी कोण बोलला?"

"कोण नाय," सावित्री म्हणाली. "मी पण नाय. माका काय ठावक, ती अशी उठान जातली."

कुत्रं आलं, पायरीवर हुंगलं, गेलं.

मग रामचंद्र म्हणाला, "ती माझ्यासाठी मागी, आणि मी मागे रवलंय. म्हणजे ऐकल्यान तेना. मगे माका कित्याक ठेवल्यान, वयनी? माका ठेवन तो काय करतलो?"

"ता माका कित्याक इचारतंस? जेना ठेवल्यान तेका इचार." सावित्री उठली. "आणि भाजी खा आधी. वाटी माझी आसा, सकाळी व्हयी."

पुनवेचा दिवस आला. दुपारी भरती होती, तेव्हाच नारळ द्यायचा. सकाळी सर पडून गेली होती, मग ऊन पडलं. वाडी सगळी घुमटीपुढे जमली. होड्यांना झेंडूच्या माळा, नवीन रंग. पुरुष पुढे, बायका मागे वडाच्या मुळांवर बसलेल्या. रामचंद्र आला, पण पुढे आला नाही. लांब एका होडीच्या वरवंटीला, म्हणजे तिच्या काठाला टेकून उभा राहिला. पांढरा सदरा घातला होतान, तो चुरगळलेला, इस्त्री कोण करणार.

बाबूने सुरुवात केली. "बा महापुरुषा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आज ही जी काय तुझी लेकरां..." आणि पोरगा अडला. घाम पुसला, परत म्हणाला, "ही जी काय तुझी लेकरां..." आणि परत अडला. मागे कोणीतरी खाकरलं. महादू म्हणाला, "आरे, लेकरां हंयच आसत, फुडे चल." पण तेच्याने पुढे जाईना. तेने मान वळवून काकाकडे बघितलं.

रामचंद्र होडीपासून सुटा झाला. हळूहळू आला. माणसांनी वाट दिली. बाबूच्या खांद्यावर हात ठेवून तेला बाजूला केलंन आणि घुमटीपुढे उभा राहिला. हात जोडले नाहीत तेने. दोन्ही बाजूला सोडलेले. म्हणाला,

"बा महापुरुषा म्हाराजा."

सगळ्यांच्या जिवात जीव आला. "व्हय म्हाराजा."

"आज जी काय तुझी लेकरां तुझ्याफुडे गोळा झाली हत, तेंच्यासाठी मी तुझ्याकडे बोलत इलंय. माझो बापूस बोलत इलो."

"व्हय म्हाराजा."

"माझ्या घराचा मी कधी बोलाक नाय."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हटलं, पण आवाज थोडा खाली आला. हे नेहमीचं नव्हतं.

रामचंद्र थांबला. मग म्हणाला, "माझी बायल गेली. ती झिजत होती तेवा मी रोज तुझ्याफुडे उभो होतंय. तू बघत रवलंस."

आणि तिथे कोणी हो भरला नाही. भरणार कसा. देवाच्या तोंडावर, तू बघत राहिलास, असं म्हटल्यावर तेला होकार द्यायचा म्हणजे आपणही देवाला दोष दिला. उद्या होडी दर्यात आहे. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. माझ्या शेजारचा तर पायाच्या अंगठ्याने वाळू उकरायला लागला. रामचंद्र वळला नाही. तसाच उभा, पाठ आमच्याकडे. हो आल्याशिवाय पुढचं बोलता येत नाही, ती रीत तो मोडणार नव्हता. वारा होता, माळा हलत होत्या, लाटेचा आवाज येत होता. त्या पाठीकडे बघवेना.

मागून, बायकांतून, एकटा जाडाभरडा आवाज आला. बाजारात ओरडून ओरडून फुटलेला.

"व्हय म्हाराजा."

सावित्री. आमच्यात बायकांनी एकटीने हो भरायची पद्धत नाही. पण ती उठून उभी राहिली होती. मग दुसरी बाई म्हणाली. मग तिसरी. आनंदीकडून उधारीवर पेडवे-बांगडे नेलेल्या, तिच्याशी पाण्यावरून भांडलेल्या, तिने बाळंतपणात ज्यांच्या पाठी शेकल्या त्या, सगळ्या. आणि मग महादू टोपी काढून म्हणाला, "व्हय म्हाराजा," आणि आम्ही सगळे.

रामचंद्राचे खांदे हलले. पण आवाज सरळ आला तेचा.

"तू आसस काय नाय, ता माका आता कळणा नाय रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"पण तिच्याबद्दल बोलाचा कोणाकडे? तुझ्याकडे बोलतंय."

"व्हय म्हाराजा."

"तिचा नाव आनंदी. मी तिका कधी तुझ्याफुडे काढूक नाय. आज काढतंय. ती खंय आसात थंय तिका बरी ठेव. तिका उन्हात बसव नको. पाटी जड आसात तर कोणाक तरी हात लावूक सांग."

ह्याच्यावर, खरं सांगतो, हो आला, पण फाटका आला.

मग तेने श्वास घेतला आणि होड्यांची नावं घ्यायला लागला. एकामागून एक. घरं घेतली. महादूच्या बापाला सोडून सगळ्यांना आयुष्य मागितलंन. बाबूचं घेतलंन. सावित्रीचं घेतलंन, आणि तिच्या नावापाशी थोडा थांबला. नारळ दर्याला दिला. होड्या लोटल्या.

आता तू विचारशील, मग काय झालं? काही नाही झालं. देव बोलला नाही, दगडातून घाम आला नाही. त्या हंगामात मासळी इतर वर्षांसारखीच, कधी बरी, कधी नाही. रामचंद्र घुमटीत दिवा लावत नाही, आजही नाही. तो बाबू लावतो. कोणी विचारलं, देव मानतोस काय, तर म्हणतो, "भांडण आसा." पण वाळूतला वळसा सोडलान. घुमटीवरूनच जातो येतो. आणि दर पुनवेला गाऱ्हाणं तोच घालतो, पहिल्यांदा आपलं भांडतो, आनंदीला का नेलंस विचारतो, आणि मग आमचं मागतो. बाहेरचे लोक ऐकून बिचकतात. आम्ही हो भरतो. आणि आता तेचं गाऱ्हाणं संपलं की सावित्री पुढे येऊन तेच्या घराचं घालते, तेला बाजूला सारून. आधी तेला ते आवडलं नाही. आता गप्प उभा राहतो.

तर बघ, तुझ्या एस्टीला अजून वेळ आहे. माझं एक ऐकशील? जाताना त्या घरावरून जा. तो पायरीवर बसलेला असेल, जाळं असो नसो. तेच्याशी देवाबिवाचं काढू नको. आम्ही वाडीतली माणसं तेच्यापुढे तिचं नाव काढायला अजून कचरतो, तेला लागेल म्हणून, आणि बिचारा वर्षातून एक दिवस सोडला तर ते नाव कोणाच्या तोंडून ऐकत नाही. तू परका आहेस, तुला चालेल. आधी हूं करेल, त्याकडे लक्ष देऊ नको. तू आपला बस तेच्या बाजूला आणि विचार, काका, आनंदीकाकी बाजारात कशी बोलायची, सांगा की जरा.